भित्रे नाथाजी आणि पेवातली भिंगरी

हरिपुरात नाथाजी खराड्यांच्या घराला लोक 'किल्ला' म्हणतात. घर तसं दोन खोल्यांचं, वर पत्रा, पुढं हातभर अंगण. पण दाराला तीन कड्या, खिडक्यांना दुहेरी जाळी, मोरीच्या भोकावर दगड आणि गॅसच्या टाकीला साखळी. साखळी कशाला, असं एकदा पोस्टमननं विचारलं, तर नाथाजी म्हणाले, "असू दे. कवा काय सुटंल सांगता येत न्हाई."

नाथाजी भित्रे होते हे त्यांना स्वतःला मान्य होतं, त्यामुळं भांडण नव्हतं. विजेच्या बटणाला ते कोरड्या लाकडी उलथण्यानं हात लावायचे. कुकरची दुसरी शिट्टी झाली की अंगणात जाऊन उभे राहायचे, आणि तिसरीला लीलाबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, आतून ओरडायच्या, "या आता, फुटला न्हाई." सांगलीला जायचं तर रिक्षात मधोमध बसायचे, दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून. पण या सगळ्यांत वरचा मान पालीचा. पाल भिंतीवर दिसली तर नाथाजी घर सोडायचे आणि पाल गेल्याची दोन माणसांकडून खात्री करून मगच परत यायचे.

अशा घरात मांजर कसं आलं, त्याची गंमत आहे.

लीलाबाईंना मांजर हवं होतं. सांगलीत 'मांजर मदत मंडळ' म्हणून चार-सहा जणांचा खटाटोप चालतो. मासळी बाजारातली, हळदीच्या वखारीतली, गाडीखाली सापडलेली मांजरं धरायची, डॉक्टरकडं नेऊन त्यांचं नसबंदीचं ऑपरेशन करायचं, ओळखीला कानाचं टोक जरासं कापायचं आणि जी माणसाळतील त्यांना घरं शोधायची. मंडळाची कर्तीसवरती होती संयोगिता. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, आणि उरलेला दिवस स्कूटरच्या पायाशी मांजराचा पिंजरा ठेवून गावभर हिंडायची. मांजर द्यायच्या आधी ती घर बघायला यायची. मुलगी द्यायची असल्यासारखी. नाथाजींच्या गल्लीतली तीन घरं तिनं नापास केली होती. एकाची विहीर उघडी, दुसऱ्याचं कुत्रं मोकळं, आणि तिसऱ्यानं विचारलं होतं की मांजर उंदीर धरतं का, नसेल तर बदलून मिळंल का.

किल्ल्यात शिरल्यावर संयोगितानं जाळ्या बघितल्या, कड्या बघितल्या, मोरीवरचा दगड बघितला, आणि तिचे डोळे भरून यायचे बाकी राहिले. "आजोबा, मांजरासाठी इतकी तयारी केलीत?"

"न्हाई पोरी," नाथाजी खरं बोलले, "माज्यासाठी केलीया."

घर पास झालं. नाथाजींनी कागदावर सही केली. कागदात एक ओळ होती, ती त्यांनी दोनदा वाचून घेतली. मांजर हरवल्यास ताबडतोब कळवावे, निष्काळजीपणा आढळल्यास मांजर परत नेण्यात येईल. सही अशी बारीक आली की संयोगिताला ती शोधावी लागली.

मांजर म्हणजे एक पांढरी-तांबडी, कान कापलेली, वर्ष-दीड वर्षाची बाई होती. एका जागी ठरत नाही म्हणून लीलाबाईंनी तिला भिंगरी म्हटलं. पहिले आठ दिवस नाथाजी खाटेवर पाय वर घेऊन बसले. नवव्या दिवशी भिंगरीनं खुंटीवरची त्यांची लोकरीची कानटोपी ओढली, तिचं घरटं केलं आणि तीत झोपली. थंडीचे दिवस होते. नाथाजी तसेच उघड्या कानांनी फिरले, कारण टोपी मागायची कुणाकडं?

मग हळूहळू काय झालं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. भिंगरीची भीती कमी झाली, आणि तेवढ्याच वजनाची भिंगरीसाठीची भीती आली. शिंकली तरी नाथाजी संयोगिताला फोन करायला लावायचे. जेवली नाही तर हेही जेवायचे नाहीत. "मला कवा असं केलं न्हाईसा," लीलाबाई म्हणायच्या. मंडळाला जुनी पोती, चादरी, खोकी जमवून द्यायचं कामही त्यांनी अंगावर घेतलं. प्रत्येक खोकं आत टाचणी राहिली नाही ना, हे हात फिरवून बघूनच द्यायचे.

आणि मग तो मंगळवार आला.

लीलाबाई देवळात गेल्या होत्या. नाथाजी दारातली चप्पल शोधत होते, आणि चौकटीवरून एक पाल टपकन त्यांच्या मानेवर पडली, मानेवरून सदऱ्यात गेली. पुढचं नाथाजींना नीट आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा ते गल्लीच्या टोकाला, पारावर, सदरा हातात घेऊन उभे होते. परत आले तर किल्ल्याचं दार सताड उघडं. तिन्ही कड्या लोंबत होत्या. कानटोपी रिकामी होती.

कड्या बसवल्यापासून पाच वर्षांत ते दार पहिल्यांदा उघडं राहिलं, आणि तेही नाथाजींच्या हातून.

लीलाबाईंना त्यांनी सांगितलं, "आत्ता हुती की हितं." हे खोटं नव्हतं, पण पालीचा भाग गाळलेला होता. संयोगिताला कळवायचं राहिलं. कागदावर तर 'ताबडतोब' होतं. दिवसभर ते गल्लीगल्लीतून दबक्या आवाजात "भिंगे, भिंगे" करत फिरले. रात्री भाकरी तशीच राहिली.

बुधवारी सकाळी सुभेदार लालासाहेब आले. लष्करातून निवृत्त, चौदा एकर ऊस, मिशा अजून परेडमध्ये. नाथाजींपेक्षा दोन वर्षांनी लहान, पण आवाजानं दहा वर्षांनी मोठे.

"नाथा, माज्या पेवात मांजर वरडतंय. कान कापल्यालं हाय. तुजं न्हवं?"

नाथाजी मटकन खाली बसले. मांजर सापडल्याच्या आनंदानं नव्हे. पेव हा शब्द ऐकून.

पेव म्हणजे काय ते हरिपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. जमिनीत खोल खड्डा, तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढं, आणि आत रांजणासारखं पोट. पूर्वी हळद त्यात भरून तोंड मातीनं लिंपून टाकायचे. वर्ष-दोन वर्षं हळद आत नव्यासारखी राहायची, कारण आत हवाच नसायची. किडा जगत नाही तिथं माणूस काय जगणार? म्हणून पेव उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील तळाला जाऊन पेटता राहिला तर माणूस उतरायचा. विझला तर उतरायचं नाही, मग व्यापारी कितीही घाई करू दे.

नाथाजी तरणे असताना पेवावर हमाल होते. त्यांचा जोडीदार राजाराम. राजाराम कशालाच भ्यायचा नाही. दोघांची भीती नाथाजींच्या एकट्याच्या वाट्याला आली होती, असं लोक म्हणायचे. एका सकाळी कंदिलात तेल नव्हतं. राजाराम हसून म्हणाला, "कालच उतरलो हुतो की रं गड्या, रातीत हवा कुठं जातीया?" आणि कमरेला दोर बांधून उतरला. काल उतरला होता ते शेजारचं पेव होतं.

दोराचं टोक नाथाजींच्या हातात होतं. आधी दोर हलत होता. मग हलायचा थांबला. आवाज नाही, हाक नाही. ओढला, तर गाठ सुटून मोकळा दोर वर आला. दोघे जण राजारामला काढायला उडी घ्यायला निघाले, आणि नाथाजी पेवाच्या तोंडावर आडवे पडले. लाथा खाल्ल्या, शिव्या खाल्ल्या, पण उठले नाहीत. कुणीतरी कंदील आणून सोडला तेव्हा तो अर्ध्यातच विझला. मग कुणी उतरायचं नाव काढलं नाही.

त्या दिवसापासून गावानं त्यांना 'भित्रा नाथा' म्हटलं, आणि त्यांनी ते नाव घेतलं. त्यानंतर पेवावर ते एकच काम करायचे, कंदील सोडायचं. पुढं पुरात पेवं ढासळली, हळद गोदामात गेली, पेवाचा धंदा सरला. त्या वाटेनं नाथाजी परत गेले नाहीत. आज जावं लागणार होतं.

लीलाबाईंनी तोवर संयोगिताला फोन लावलासुद्धा होता.

लालासाहेबांच्या उसाच्या कडेला ते पेव होतं. तोंडाची एक बाजू पुरात ढासळलेली, आणि ती माती आत एका अंगाला ढीग होऊन पडलेली. ढिगाच्या शेंड्यावर, दोन परस खाली, म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी केली तर होईल एवढ्या खोलात, भिंगरी बसली होती. डोळे तेवढे चमकत होते. नाथाजींना बघून ती केविलवाणी ओरडली, आणि तिच्या पायाखालची मूठभर माती सुटून खाली गेली. खालून ती पडल्याचा आवाज आला तो ओला, मऊ. ढिगाच्या पलीकडं पेव आणखी परसभर खोल होतं, आणि तिथं अंधार होता.

"खाली काय हाय?" नाथाजींनी विचारलं.

"काय असतंय? पाचट टाकतोय दोन वरीस. बुजवायचंय की ते," लालासाहेब म्हणाले.

कुजलेलं उसाचं पाचट. कुजताना ते असलेली हवाही खाऊन टाकतं, हे नाथाजींना ठाऊक होतं.

संयोगिता स्कूटरवरून आली. अग्निशमनवाल्यांना तिनं वाटेतच फोन केला होता. ते पलीकडच्या गावात पेटलेल्या उसावर होते, दुपारनंतर येणार होते. तिनं आत बघितलं, माती सुटताना बघितली, आणि पिशवीतून दोर काढला. "दुपारपर्यंत तो ढीग राहत नाही. मी उतरते. विहिरीत दोनदा उतरलेय."

"पोरी, ह्यो आड न्हाई," नाथाजी म्हणाले. "आत हवा नसती."

"आजोबा, ती ओरडतेय ना. हवा नसती तर ओरडली असती का?"

"बरोबर बोलती पोर," लालासाहेब म्हणाले. "मांजर जित्तं हाय म्हंजे हवा हाय. साधा हिशेब हाय. नाथा, तू घराकडं जा, तुला चक्कर यील. मी धरतो दोर. न्हाईतर मीच उतरतो, सियाचीनला काय हवा हुती?" आणि त्यांनी खरोखर दोराचं टोक कमरेला गुंडाळायला घेतलं.

हिशेब साधा होता आणि बरोबर दिसत होता. राजारामचाही तसाच दिसत होता. नाथाजींना दोर दिसत होता, त्याची गाठ दिसत होती, आणि गाठ सुटलेला मोकळा दोर दिसत होता. ते खाली बसले. बसल्या जागेवरून सरकत सरकत पेवाच्या तोंडावर गेले, आणि ढासळलेल्या बाजूची फट सोडून त्यावर आडवे झाले.

"हे काय चाललंय?" संयोगिता म्हणाली.

"चाळीस वर्सांपूर्वी बी असाच पडला हुता," लालासाहेब म्हणाले. "ऊठ नाथा. लोकं बघत्यात."

बघायला लीलाबाईंखेरीज कुणी नव्हतं.

"बघू द्या. मी उठत न्हाई. सुभेदार, तुमी बंदूक आणा, मी उठत न्हाई." शेजारच्या त्या फटीतून गार कुजका वास त्यांच्या नाकाशी येत होता. "लीले, घरला जा. जुन्या तराजूचं पारडं आण. दिवाळीच्या पणत्या आण, तेल आण. भाकरीची बुट्टी आण."

बायकोला त्यांनी एका दमात एवढे हुकूम सोडले हे लीलाबाई आजही सांगतात. त्या पळत गेल्या, पळत आल्या. येताना त्यांनी न सांगता आणखी एक गोष्ट आणली होती, ती बुट्टीत होती.

तराजूच्या पारड्याला तीन साखळ्या असतात, त्यामुळं ते दोरीवर सपाट राहतं. नाथाजींनी पालथं पडूनच पणती पेटवली, पारड्यात ठेवली आणि फटीतून खाली सोडली. पारडं हिंदकळलं नाही. हाताला कंदील सोडायचं जुनं काम आठवत होतं. पारडं ढिगाच्या शेंड्यापाशी गेलं. भिंगरीच्या मिशा उजेडात दिसल्या. ज्योत शांत जळत होती.

"बघ, हाय की हवा," लालासाहेब म्हणाले.

 नाथाजींनी दोरी हातभर पलीकडं सरकवली आणि ते ती ढिगाच्या बाजूनं खाली सोडू लागले. एक हात, दोन हात. ज्योत बारीक झाली. आणखी हातभर. ज्योत एकदम आडवी झाली, निळी झाली, आणि गेली. कुणी फुंकर मारल्यासारखी. धूरसुद्धा वर आला नाही.

त्यांनी पारडं वर ओढलं, पणती पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. पुन्हा तिथंच विझली. मांजर ढिगाच्या शेंड्यावर होतं म्हणून जिवंत होतं. माणूस उतरला असता तर त्याचे पाय ढिगावर पडले असते, ढीग बसला असता, आणि तो पाचटात गेला असता. मांजरासकट.

लालासाहेबांनी कमरेचा दोर सोडला. हळूच. सोडून त्याची नीट घडी केली आणि बांधावर ठेवली. संयोगिता खाली बसली होती आणि आपल्या दोन्ही हातांकडं बघत होती.

"आता कुणी मोठ्यानं बोलायचं न्हाई," नाथाजी म्हणाले. "ती दचकून उडी मारंल तर त्या काळोखात जाईल."

बुट्टी, म्हणजे भाकरीची टोपली, दोरीला बांधताना त्यांनी आत बघितलं. लीलाबाईंनी त्यात बोंबलाचा तुकडा टाकला होता, आणि खाली अंथरली होती कानटोपी.

बुट्टी ढिगावर टेकली. भिंगरीनं तिच्याकडं बघितलं नाही. मांजरं अशा वेळी पंजा चाटत बसतात, तशी ती बसली. माती सुटत होती. एकदा तर ढिगाचा ताटाएवढा तुकडा धप्पकन खाली गेला आणि लालासाहेबांच्या घशातून एक आवाज आला, जो परेडमधला नव्हता. नाथाजींनी डोळे मिटून घेतले. त्यांना दिसायला नको होतं. मिटल्या डोळ्यांनीच ते खाली बोलू लागले, घरी बोलायचे तसं, कुणी ऐकत नसताना.

"भिंगे, माजं चुकलं. दार मी टाकलं उघडं. पाल पडली हुती. सदऱ्यात शिरली. मी पळालो. लीलाला सांगितलं न्हाई, संयोगिताला कळवलं न्हाई. कागदावर ताबडतोब लिवलं हुतं. तुला न्हेतील आता, न्हेऊ देत, पर बुट्टीत बस. टोपी तुजीच हाय."

लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू आलं की रडू, हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही.

किती वेळ गेला कळलं नाही. मग दोरीला ओढ लागली. जराशी, कुणी खांद्याला हात लावावा तेवढी. डोळे न उघडता नाथाजी म्हणाले, "बसली का?"

"बसली," संयोगिता कुजबुजली. "टोपीत तोंड घातलंय."

"मग तुमी वडा. माज्या हातात दम न्हाई."

दोरी लालासाहेबांनी ओढली, वीतवीत, श्वास धरून. बुट्टी काठाशी आली आणि भिंगरी सुटली ती थेट नाथाजींच्या पाठीवर, चारी नख्यांनिशी. नाथाजी तसेच आडवे राहिले. त्यांनी हात लावला नाही, हलले नाहीत, ओरडलेही नाहीत. सदऱ्यावर रक्ताचे चार ठिपके आले. "काढा कुणीतरी," ते शेवटी म्हणाले, "पर सावकाश. पडंल ती."

मांजर परत नेलं गेलं नाही. संयोगितानं कागद काढला, तेव्हा नाथाजी पांढरे पडले. तिनं मागच्या बाजूला लिहिलं, आणि वाचून दाखवलं. यापुढं मांजर द्यायच्या आधी घर बघायचं काम श्री. नाथाजी खराडे यांच्याकडं राहील. "आजोबा, मला जे धोके दिसत नाहीत ते तुम्हाला आधीच दिसतात. मी आज मेले असते."

तेव्हापासून नाथाजी घरं बघतात. संयोगिताच्या स्कूटरवर मागं बसतात, तिच्या पिशवीचे बंद दोन्ही हातांनी धरून. लोकांच्या घरात जातात आणि गॅलरीचे गज मोजतात, पाण्याच्या टाकीचं झाकण हलवून बघतात, पंख्याकडं बघून मान हलवतात. लोक म्हणतात, मंडळात नवीन आजोबा आलेत, लय कडक. कडक कुठले, ते घाबरलेले असतात. फरक एवढाच की आता ते मांजराच्या वतीनं घाबरतात, आणि त्याला लोक कडक म्हणतात.

पुढच्या महिन्यात लालासाहेबांनी मांजरासाठी अर्ज केला. घराच्या मागं उंदीर झालेत, असं कारण लिहिलं होतं. त्यावरून संयोगितानं भुवया वर केल्या. पण नाथाजी म्हणाले, बघून तर येऊ. घर उत्तम होतं. पायऱ्या, कठडा, खिडक्या, सगळं शिस्तीत. सुभेदार मिशीला पीळ देत उभे होते.

"मग, पास?"

"नापास," नाथाजी म्हणाले.

"का रं?"

नाथाजींनी उसाच्या कडेला बोट दाखवलं. पेव अजून तसंच उघडं होतं.

आठ दिवसांत पेवावर काँक्रीटची फरशी आली, तीन मजूर लावून. वर लालासाहेबांनी स्वतः तारीख कोरली. नाथाजी संयोगिताच्या स्कूटरवरून पुन्हा आले. फरशीवर उभे राहिले, उडी मारायचा विचार केला आणि नुसताच पाय आपटला. मग ती हातानं चाचपली, कडेला कान लावला. बराच वेळ ते तिथं वाकून होते.  लालासाहेब हळू आवाजात म्हणाले, "नाथा, त्या वक्ताला मी बी हुतो तितं, रजेवर आल्यालो. तुला लाथ घातली हुती मी."

"ठावं हाय," नाथाजी म्हणाले. "डाव्या बरगडीत."

ते उठले आणि सुभेदारांच्या सोप्यात पाऊल टाकलं. आता नापास करायला काही उरलं नव्हतं. लालासाहेबांनी कागद पुढं केला, पेनाचं टोपण काढून दिलं. नाथाजींनी सही करायला मान खाली घातली, आणि ट्यूबलाइटच्या मागून एक पाल भिंतीवर आली.

सही झाली. पण ती अंगणात झाली, फाटकाच्या बाहेर, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून. आणि सही करण्याआधी नाथाजींनी मागं वळून बघितलं, तर लालासाहेबांचं दार सताड उघडं होतं. ते परत गेले. डोळे मिटून, भिंतीकडं न बघता, त्यांनी ते ओढून घेतलं आणि कडी लावली.